बैलाला नाल, धनिणीला काय?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तूप लावून चोळतो, शेकतो. डांबरी रस्त्यावर गाडी ओढायची असेल तर बैलाला नाल मारून घेतो. औताचा बैल जरासा लंगडला तरी औत थांबवतो, खूर उचलून पाहतो, काटा आहे की खडा आहे ते बघतो. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बैल बसला तर पेरणी बसते, हे आपण जाणतो.

आता घरात पाहा. जिने मृगापासून दसऱ्यापर्यंत निंदणाच्या ओळी उकिडवे बसून काढल्या, जिने ओटी बांधून पहिल्या वेच्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत कापूस वेचला, जी ज्वारीच्या धसकटांतून दिवसभर चालली, तिचा पाय गेल्या वर्षभरात कोणी हातात घेऊन पाहिला? घरच्याने पाहिला? दवाखान्यातल्या डॉक्टरने पाहिला? तिने स्वतः तरी पाहिला?

आम्ही हा प्रश्न गेल्या हंगामात गावोगावच्या बैठकींत विचारला. बहुतेक ठिकाणी आधी हशा झाला. मग बाया गप्प झाल्या. मग एकेकीने पाय पुढे केला.

शेतीमालाचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग औजारांचा घसारा धरतो, शेतावरच्या बांधकामाचा घसारा धरतो, बैलांच्या कामाची किंमत धरतो, घरच्या माणसांची मजुरीही कागदावर मांडतो. पण ज्या पायांवर हे सगळे उभे आहे त्या पायांची झीज कुठल्याच रकान्यात येत नाही. ती झीज घरातली बाई मुकाट्याने सोसते. या अंकात आम्ही त्या रकान्याबद्दल बोलणार आहोत.

एका घरची गोष्ट

आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरची ही हकिगत आहे. गाव आणि नाव सांगत नाही. वाचणाऱ्या पुष्कळांना ती आपल्याच घरची वाटेल.

वहिनींचे वय तेव्हा पस्तीस. सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवला की चवड्याखाली गारगोट्या ठेवल्यासारखे दुखायचे. तास-दीड तास बोटे आखडलेली असायची. भाकरी थापायला बसल्या तर हाताची बोटेही वळत नसत. दोन्ही पायांना सारखे, दोन्ही हातांना सारखे. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात वारे लागले असेल. शेजारीण म्हणाली, आंबट सोड. तालुक्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरने टेबलाच्या पलीकडूनच विचारले, "वात आहे का?" आणि सुई दिली. सुईने पंधरा दिवस बरे वाटायचे. मग पुन्हा सुई. अशी तीन वर्षे गेली.

त्या तीन वर्षांत पायाची बोटे बाहेरच्या बाजूला कलली, एकमेकांवर चढली. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आले. कुठलीच चप्पल पायात बसेना. वहिनी अनवाणी शेतात जाऊ लागल्या. मग शेतात जाणेच बंद झाले. निंदणाला आणि वेचणीला मजूर लावावे लागले. जे काम घरच्या हातांनी व्हायचे त्याला रोख पैसा मोजावा लागला, आणि तो सावकाराकडून आला.

शेवटी शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने चप्पल काढायला लावली. तिने चवडा दोन्ही बाजूंनी हळूच दाबला. वहिनी कळवळल्या. दुखणे कधीपासून आहे, असे तिने विचारले. तीन वर्षे, असे उत्तर ऐकून ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या तीन महिन्यांत आल्या असतात तर ही बोटे सरळ राहिली असती."

आज वहिनींची औषधे सुरू आहेत. सूज उतरली आहे, हात चालतात. पण वाकडी झालेली बोटे सरळ होत नाहीत. तीन वर्षांत एकाही दवाखान्यात त्यांची चप्पल काढून पाय पाहिला गेला नव्हता. आमचे म्हणणे सारे या एका वाक्यात आहे.

वात म्हणजे एक दुखणे नव्हे

आपल्याकडे सांधे दुखले की वात. पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी दुखणी दडलेली असतात आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

पहिले, सांध्यांची झीज. वयाबरोबर आणि कामाच्या ओझ्याबरोबर येते. गुडघा, घोटा, अंगठ्याचे बूड. दिवसभराच्या कामानंतर दुखते, विसाव्याने थोडे बरे वाटते. सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो.

दुसरे, आमवात. डॉक्टर याला रुमॅटॉइड संधिवात म्हणतात. यात शरीराची संरक्षण करणारी शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजते आणि हळूहळू हाड व कूर्चा खाऊ लागते. याचे लक्षण उलटे आहे. विसाव्यानंतर जास्त दुखते, सकाळी तासभर आखडलेले राहते, हालचाल केल्यावर मोकळे होते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो, आणि पुष्कळदा हातापायांच्या लहान सांध्यांपासूनच सुरू होतो.

तिसरे, गाऊट. रक्तातले यूरिक ॲसिड वाढून त्याचे खडे सांध्यात बसतात. रात्रीतून अंगठा लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा बहुधा पुरुषांचा आजार आहे. चार-आठ दिवसांत ओसरतो, म्हणून माणूस विसरतो. पुन्हा येतो तेव्हा आणखी सांधे धरतो.

सगळीच पायदुखी इतकी गंभीर नसते, हेही सांगितले पाहिजे. सकाळी पहिली चार पावले टाकताना टाच दुखते आणि मग कमी होते, ते बहुतेक वेळा तळव्याच्या जाड पट्ट्याचे दुखणे असते. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम, मऊ टाचेची चप्पल आणि काही महिन्यांचा धीर, एवढ्यावर ते बहुतेकांचे बरे होते. पण कोणाचे दुखणे कोणते, हे पाय पाहिल्याशिवाय कळणार कसे?

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकी सुमारे १८ टक्क्यांना असे दुखणे होते. आमवात सुमारे अर्ध्या टक्क्याला होता. अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो. पण ज्या तालुक्यात एक लाख प्रौढ माणसे आहेत तिथे हाच हिशेब लावला तर आमवाताची ५०० माणसे होतात. त्यांत बहुसंख्य बाया. त्या ५०० पायांच्या जोड्या आज कुठे आहेत?

चवड्यावर काय होते

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. उकिडवे बसून निंदण करताना टाच उचलली जाते आणि शरीराचा भार चवड्यावर, बोटांच्या बुडाशी असलेल्या सांध्यांवर येतो. आमवात नेमका तिथेच घर करतो. सांध्याला धरून ठेवणारे बंध सैल पडतात, बोटे वर उचलली जातात आणि हाडांची टोके खाली तळव्यात उतरतात. तळव्याखाली जी मऊ गादी असते ती पुढे सरकते. म्हणून गारगोट्यांवर चालल्यासारखे वाटते. त्या गारगोट्या म्हणजे आपलीच हाडे. पुढे तळव्याची कमान बसते आणि घोटा आत कलतो.

त्या टोकांवर घट्टे आणि कुरूप होतात. मग घरात दाढीच्या पात्याने कुरूप कापले जाते, किंवा कुरूप जाळायची पट्टी लावली जाते. आमवाताची औषधे किंवा स्टेरॉइडच्या सुया चालू असताना जखम भरायला वेळ लागतो आणि ती लवकर पिकते. सोबत साखरेचा आजार असेल तर पायच धोक्यात येतो. म्हणून आमचे हात जोडून सांगणे आहे, सांधेवाल्या माणसाने कुरपाला पाते लावू नये.

पंधरा दिवस बरे वाटायला लावणाऱ्या सुईबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ती बहुधा स्टेरॉइडची असते. डॉक्टरने आजार ओळखून, थोड्या काळासाठी, मोजून दिली तर ती औषध आहे. आजार न ओळखता वर्षानुवर्षे टोचली तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि सांध्याची नासाडी आतून चालूच राहते. सुई घेताना नाव विचारा. चिठ्ठीवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

आमवाताचे खरे औषध मेथोट्रेक्सेट. ते सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून लोक मध्येच सोडतात. आणि एक गोष्ट दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या वारी. ठरलेल्या मुदतीने रक्ताची तपासणी. दारू बंद. गरोदरपणात आणि मूल हवे असेल तेव्हा ही गोळी चालत नाही, ते आधी डॉक्टरला सांगायचे.

लिहिलेला नियम असला की काय होते

ब्रिटनमध्ये २००८ साली सांध्यांच्या रुग्णांच्या पायांची निगा कशी राखली जावी याची मानके रुग्णांच्या आणि पायांवर उपचार करणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून छापली. २००९ साली तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत लिहिले गेले की आमवाताच्या ज्या रुग्णाला पायाचा त्रास आहे त्याला पायाच्या तज्ज्ञाकडून तपासणी आणि वेळोवेळी फेरतपासणी मिळाली पाहिजे, आणि गरज असेल तर आतला तळ व खास पादत्राणेही. पुढे आणखी एक मानक आले. हातापायांच्या लहान सांध्यांना सतत सूज असलेला माणूस दवाखान्यात आला की त्याला तीन कामकाजी दिवसांत सांध्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे. रक्ताचा अहवाल निर्दोष आला तरी पाठवायचे, कारण आमवात असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

तिथेही सगळ्यांना सगळे मिळत असेल असे आम्ही म्हणत नाही. पण काय मिळायला हवे ते लिहिलेले आहे, म्हणून मिळाले नाही तर बोट ठेवायला जागा आहे. आपल्याकडे बोट ठेवायला कागदच नाही.

कोणी म्हणेल, ती श्रीमंत देशाची चैन आहे. तसे नाही. आपल्या देशातलीच दोन उदाहरणे घ्या.

कुष्ठरोगाने ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यांना राष्ट्रीय कार्यक्रमातून एमसीआर रबराची मऊ तळाची चप्पल मोफत दिली जाते. तळव्यावरचा दाब वाटून देणारे हे रबर फार महाग नाही, ते आपल्या देशात बनते. आमवाताच्या पायालाही नेमके हेच हवे असते, दाब वाटला जाणे. एका आजाराच्या कागदावर ही चप्पल लिहिलेली आहे, दुसऱ्याच्या कागदावर नाही. फरक एवढाच.

दुसरे उदाहरण आत वळलेल्या पावलाने जन्मलेल्या मुलांचे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या दोषांच्या यादीत हा दोष लिहिला गेला. आता अशा बाळाला दर आठवड्याला प्लास्टर बदलून, टाचेच्या शिरेला छोटा छेद देऊन आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना खास बूट घालून पाय सरळ करता येतो. अमेरिकेतल्या आयोवा येथील डॉ. पोन्सेटी यांची ही पद्धत आहे. मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. यादीत नाव आले की वाट तयार होते.

गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग तपासण्याचा कार्यक्रम आहे. चांगली गोष्ट आहे. त्यात "चप्पल काढा, पाय दाखवा" एवढे एक वाक्य घालायला यंत्र लागत नाही.

चप्पल आपल्या मातीची हवी

पादत्राण दिले आणि ते खुंटीला टांगले गेले, असे होऊ नये. काळ्या मातीत पावसाळ्यात पायाला चिखलाचे गोळे धरतात, रब्बीत जमीन भेगाळते, पऱ्हाटीचे खुंट आणि ज्वारीची धसकटे टोचतात. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून काम करतो. शहरी बूट इथे टिकत नाही.

हा प्रश्न आपल्या देशाने एकदा सोडवलेला आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासोबत रबराचा कृत्रिम पाय घडवला. त्या पायाने अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, उकिडवे बसता येते. परदेशी लाकडी पायाला हे जमत नव्हते. डॉक्टरने आजार सांगितला, कारागिराने माती सांगितली, तेव्हा वस्तू कामाची झाली. आपल्या तालुक्यातल्या चपला शिवणाऱ्या कारागिरांना मऊ तळाची, पुढे रुंद, मागे पट्टा असलेली, चिखल धुऊन टाकता येईल अशी चप्पल बनवायला शिकवले तर कारागिरालाही काम मिळेल आणि पायालाही आधार.

आधी भाव, मग पाय?

आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, कापसाला भाव मिळू द्या, मग दवाखान्याचे बघू. पैसा आला की माणूस चांगला डॉक्टर गाठेल.

भावाचा लढा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण भाव मिळेपर्यंत आमवात थांबत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे सांधे वाचतात ते दहा वर्षांनी भाव मिळाल्यावर विकत मिळत नाहीत. आणि हा दानधर्म नाही. निंदण आणि वेचणी यांशिवाय कापूस घरी येत नाही. त्या कामाच्या पायाची निगा हा उत्पादनाचा खर्च आहे. तो आजवर बायांच्या अंगावर टाकला गेला, कारण त्यांनी बिल मागितले नाही. आता मागायचे.

जिल्हा मेळाव्यासमोर ठेवायचे ठराव

एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांधेदुखीचे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या प्रत्येकाचे पाय चप्पल काढून पाहिले जावेत आणि तशी नोंद कागदावर व्हावी.

दोन. सहा आठवड्यांहून अधिक सूज आणि सकाळचा तासभर आखडलेपणा असलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चिठ्ठी देऊन पाठवावे. पाठवण्याची मुदत लिहिलेली असावी.

तीन. मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड आणि त्यासाठीच्या रक्ततपासण्या ग्रामीण रुग्णालयात खंड न पडता मिळाव्यात. पाकिटावर "आठवड्यातून एकदाच" असे मराठीत ठळक लिहून द्यावे.

चार. कुष्ठरोगाच्या रुग्णांना मिळते तशी एमसीआर चप्पल पाय बिघडलेल्या सांधेरुग्णांनाही मोफत मिळावी.

पाच. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचा ठरलेला वार असावा, शक्यतो बाजाराचा. बाई बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडू शकते.

सहा. पाय कायमचा बिघडला असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे. "वात आहे" म्हणून दारातून परत पाठवू नये.

आणि आजपासून आपल्या घरी

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. काही गोष्टींना कोणाचा हुकूम लागत नाही. रात्री पाय धुताना तळवा, बोटांच्या बेचक्या आणि टाच कंदिलात नाहीतर बॅटरीच्या उजेडात पाहा. संध्याकाळी कागदावर उभे राहून पावलाची रेघ मारा, वर चप्पल ठेवा. रेघ चपलेबाहेर येत असेल तर ती चप्पल तुमची नव्हे. निंदताना सगळा भार चवड्यावर घेण्यापेक्षा बुडाखाली लाकडी पाटुकले घ्या. जिथे ओळींत जागा आहे तिथे उभ्याने चालणारे सायकल कोळपे वापरा. सकाळी तासभर बोटे आखडत असतील आणि दीड महिन्यात ते गेले नाही तर सुईच्या दवाखान्यात नव्हे, मोठ्या दवाखान्यात जा, आणि तिथे डॉक्टरने सांगितले नाही तरी चप्पल काढून पाय पुढे करा.

यंदाच्या पोळ्याला बैलांची खांदमळणी होईल तेव्हा हळद-तुपाची वाटी तशीच आत न्या. घरातल्या बाईला बसवा आणि तिचा पाय हातात घेऊन नीट पाहा. लाज वाटली तर वाटू द्या. जिल्हा मेळाव्याला येताना तिलाही घेऊन या. ठरावाला हात वर करायला तिचा हात हवा आहे.